मोर्स कानाने शिका: हॅम रेडिओच्या छंदाची ओळख

रात्री नऊ-दहाच्या सुमारास शॉर्टवेव्हचा चांगला सेट ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर, ७.०१० ते ७.०३० च्या टप्प्यात लावून बघा. खरखरीतून बारीक शिट्ट्या ऐकू येतात. काही घाईच्या, काही संथ, एखादी इतकी क्षीण की पंखा बंद केल्याशिवाय कळायची नाही. नवख्याला वाटतं, सेट बिघडला. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक शिट्ट्यांमागे एकेक माणूस बसलेला असतो. कुणी जपानात, कुणी पोलंडमध्ये, कुणी हैदराबादेत. तो मोर्समध्ये, म्हणजे आखूड-लांब आवाजांच्या लिपीत, हाक घालत असतो आणि उत्तर कोण देईल हे त्यालाही ठाऊक नसतं. साध्या घरगुती रेडिओवर मात्र हे नीट ऐकू येत नाही, नुसता फुसफुसाट येतो. त्यासाठी सेटला एसएसबी किंवा बीएफओची सोय लागते, म्हणजे सिग्नलची ऐकू येणारी शिट्टी करणारी जोडणी.

या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र उभारायचं आणि फ्रिक्वेन्सीच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांमध्ये दुसऱ्या परवानाधारकांशी बोलायचं, एवढा हा छंद. त्यातून पैसे कमवायला बंदी, गाणी लावायला बंदी, भाषणं ठोकायला बंदी. गुप्त भाषेत बोलायलाही बंदी, कारण जे काही चाललंय ते कुणालाही ऐकता आलं पाहिजे. (मोर्स म्हणजे हेरांची गुप्त लिपी, हा समज इथेच सोडून द्या. ती जगजाहीर आहे.) भारतात हा छंद शंभर वर्षांहून जुना. १९२१ मधले अमरेंद्रचंद्र गुप्तू हे आपल्याकडचे पहिले हौशी मानले जातात. राजीव गांधींकडेही परवाना होता, त्यांची कॉलसाइन (म्हणजे केंद्राचं अधिकृत ओळखनाव) व्हीयू२आरजी.

बोलायचे मार्ग पुष्कळ आहेत. माइकवर बोलता येतं, संगणक जोडता येतो, उपग्रहामार्फतही बोलता येतं. इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला साडेबेचाळीस किलोंचा ‘हॅमसॅट’ खास हौशींसाठी होता आणि तो २०१४ पर्यंत चालला. २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही पद्धत कानाला अजिबात न जाणवणारा सिग्नलही उकलून दाखवते. ती रचणाऱ्यांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले गृहस्थ. मला तिचं कौतुक आहे. पण तिच्यात माझा संगणक तुमच्या संगणकाशी बोलतो आणि मी चहा घेत बघत बसतो. मोर्समध्ये मधलं सगळं काम माझ्या कानाला आणि हाताला करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं या छंदात रमायचं असेल तर मला त्यातच खरी गोडी वाटते. म्हणून हा लेख मोर्सवर.

तक्ता बाजूला ठेवा

मोर्सचं व्याकरण पाच ओळींत संपतं. आखूड आवाज एक मात्रा, लांब आवाज तीन मात्रा. एकाच अक्षराच्या आत दोन आवाजांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द घेतात, कारण पुढची मोकळी जागा धरून तो बरोबर ५० मात्रांचा होतो. मिनिटात असे वीस शब्द म्हणजे हजार मात्रा, म्हणजे एक मात्रा ६० मिलिसेकंदांची. मिनिटाला आठ शब्द, तर १५० मिलिसेकंदांची.

अक्षरांची वाटणीही विचार करून केलेली आहे. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणारं ई हे अक्षर फक्त एक आखूड आवाज. टी म्हणजे फक्त एक लांब. क्वचित येणाऱ्या क्यूला मात्र तेरा मात्रा लागतात. ज्याच्या नावाने ही लिपी ओळखली जाते त्या सॅम्युएल मोर्सचा सहकारी आल्फ्रेड वेल याने म्हणे छापखान्यातले खिळे पाहून हे ठरवलं, कारण ज्या अक्षराचे खिळे जास्त, ते जास्त लागणार. मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेने पहिला औपचारिक संदेश पाठवला तो २४ मे १८४४ रोजी. आज आपण वापरतो ती लिपी तीच नाही. जर्मनीच्या फ्रीडरिश गेर्केने १८४८ मध्ये केलेल्या दुरुस्तीवर ती उभी आहे.

शिकायला बसलेल्या माणसाची गाडी अडते ती तक्त्यापाशी. स्काउटच्या पुस्तकात, शब्दकोशाच्या मागच्या पानावर, हल्ली कॉफीच्या मगावरही तो असतो: अक्षर आणि त्यापुढे ठिपके-रेघा. माणूस तो पाठ करतो. मग रेडिओवर आवाज आला की डोक्यात आधी ठिपके मोजतो, मग तक्ता उघडतो, मग अक्षर शोधतो. मिनिटाला आठ-दहा शब्दांपर्यंत हे कसंबसं जमतं. वीसच्या वेगाला एच हे अक्षर चार आखूड आवाजांचं, आणि ते सगळं मिळून ४२० मिलिसेकंदांत संपतं. पाचचा आकडा पाच आखूड आवाजांचा, ५४० मिलिसेकंद. एवढ्या वेळात मोजून होत नाही. म्हणून तक्त्यावर शिकलेली मंडळी दहाच्या आसपास अडकतात आणि ‘आपल्याला कानच नाही’ म्हणून सोडून देतात. कान असतो. त्यांनी डोळ्याने शिकलेलं असतं, एवढंच.

तबल्याच्या क्लासात पहिले काही महिने काय होतं ते आठवा. धा म्हणजे कुठलं बोट कुठे, हे गुरुजी दाखवतात, पण घोकून घेतात ते तोंडाने: धा धिं धिं धा. बोल तोंडात बसला की हात मागून येतो, आणि मैफलीत बसलेला जाणता माणूस ‘हा तिरकिट’ असं ओळखतो तेव्हा थापा मोजत नसतो. मोर्सचंही तेच. हॅम मंडळी ठिपका-रेघ म्हणतच नाहीत, डि आणि डा म्हणतात. के म्हणजे डा-डि-डा. एम म्हणजे डा-डा. आर म्हणजे डि-डा-डिट. प्रत्येक अक्षर हा एक छोटा बोल आहे आणि तो अख्खाच कानात बसवायचा.

लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यासाठी रीत बांधून दिली. आज जगभर पुष्कळ लोक तिच्यावरच शिकतात. पहिल्या दिवशी फक्त दोन अक्षरं, के आणि एम. पण वेग मात्र पूर्ण, वीस शब्दांचा. ती दोन उलटसुलट क्रमाने वाजत राहतात, तुम्ही लिहीत राहता. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर. मग चौथं. अक्षरं कमी आणि वेग जास्त असल्यामुळे मोजायला वावच राहत नाही. कुणाला हे फार झपाट्याचं वाटलं तर फार्न्सवर्थची युक्ती आहे: अक्षर वेगाने वाजवायचं, दोन अक्षरांमधली शांतता तेवढी वाढवायची. एलसीडब्ल्यूओ नावाच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट करता येतं, मोबाइलवर ॲपही पुष्कळ आहेत. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. कान रात्री झोपेतही काम करत असावा, कारण काल न सुटणारं अक्षर सकाळी आपोआप सुटलेलं असतं.

शिकताना सगळ्यांत अवघड धडा अक्षरांचा नाहीच. अक्षर निसटलं की ते सोडून द्यायला शिकणं, तो. ‘मघाचं एल होतं की एफ?’ असा विचार करेपर्यंत पुढची तीन अक्षरं निघून जातात. जागा मोकळी सोडा, पुढे चला. वाक्य कळतं. पुढे पुढे तर कागदच सुटतो आणि शब्द थेट डोक्यात उमटायला लागतात. ‘द’, ‘अँड’ असे नेहमीचे इंग्रजी शब्द आणि स्वतःची कॉलसाइन ही अक्षरांची माळ न राहता एकेक सलग आवाज होतात. गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते ना, तशी आपली कॉलसाइन खरखरीतून आली की मान वळते.

पाठवायचं साधन निवडताना घाई नको. साधी मोर्स की म्हणजे वर-खाली दाबायची दांडी. डि किती आखूड आणि डा किती लांब, हे पूर्ण तुमच्या मनगटावर. पॅडल आडवं चालतं: अंगठ्याने दाबलं की एकसारखे डि, तर्जनीने दाबलं की एकसारखे डा, आणि त्यांची लांबी इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. साध्या कीवर माणसाचा हात लपत नाही. कुणी डा जरा ओढतो, कुणी सी अक्षरात मध्येच अडखळतो. याला हॅम मंडळी ‘फिस्ट’ म्हणतात, आणि जुना मित्र कॉलसाइन पाठवायच्या आधी फिस्टवरून ओळखू येतो.

एका गप्पेत काय असतं

हाक अशी असते: सीक्यू, सीक्यू, मग ‘डीई’ म्हणजे ‘कडून’, मग आपली कॉलसाइन, शेवटी के. सीक्यू म्हणजे ‘ऐकणाऱ्या कुणालाही’. तिची चाल एकदा ऐकली की विसरत नाही: डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. शेवटचा के म्हणजे ‘बोला’.

उत्तर आलं की आधी एकमेकांना सिग्नलचे गुण द्यायचे. तीन आकडे: किती स्पष्ट कळतंय त्याला पाचपैकी, जोर किती त्याला नऊपैकी, आणि आवाजाचा सूर किती स्वच्छ त्याला नऊपैकी. उत्तम असेल तर ५९९. पण नऊचा आकडा लांबलचक, सतरा मात्रांचा. एन हे अक्षर पाच मात्रांचं. म्हणून सगळे ५एनएन असं पाठवतात, आणि सगळ्यांना कळतं. वर्षाच्या शेवटी होणाऱ्या मोठ्या स्पर्धांमध्ये ऐकू येवो न येवो, सरसकट ५एनएनच दिले जातात, तो एक गमतीचा ढोंगीपणा आहे.

मग नाव, गाव, हवा, सेट कुठला, अँटेना कुठली. इथे क्यू-संकेत कामाला येतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा गोंगाट, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर, क्यूएसबी म्हणजे सिग्नल चढतो-उतरतो आहे, क्यूआरएस म्हणजे जरा हळू पाठवा. हे संकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जहाजांसाठी बनले आणि हौशींनी उचलले. ओएम म्हणजे ‘बाबा रे’ अशा अर्थाचं प्रेमाचं संबोधन, मग समोरचा अठराचा असो की ऐंशीचा. हसायचं असेल तर ‘एचआय एचआय’. ज्याला इंग्रजीची चार वाक्यं धड येत नाहीत असा जपानी हॅम आणि कोल्हापूरचा हॅम यांची या भांडवलावर पंधरा मिनिटं मजेत जातात. माइकवर तीच गप्पा दोन मिनिटांत आटोपली असती.

निरोप घेताना ७३, म्हणजे सप्रेम नमस्कार. हा आकडा कानाला फार गोड आहे. डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. उलटा वाजवला तरी तोच.

आकाशाचं वेळापत्रक

पाच-दहा वॅट आणि एक तार, एवढ्यावर हे सिग्नल हजारो किलोमीटर जातात कसे? जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा आयनांबर. शॉर्टवेव्हच्या लहरी त्यात शिरल्या की वाकतात आणि दूरवर पुन्हा जमिनीकडे येतात. यातला सगळ्यांत कामाचा एफ थर साधारण २०० ते ४०० किलोमीटरवर असतो. त्याच्या एका उडीत तीन हजार किलोमीटरपर्यंत मजल जाते, आणि जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून लहर पुन्हा वर उडी घेते.

खाली, ६० ते ९० किलोमीटरवर, डी थर असतो. हा खोडकर. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी तो शोषून टाकतो. पण तो सूर्यावर जगतो, सूर्य मावळला की विरतो. म्हणून पुण्यातून दुपारी ७ मेगाहर्ट्झवर हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद लागतं आणि अंधार पडला की तीच पट्टी आखात, आग्नेय आशिया, जपान, युरोप अशी उघडत जाते. १४ मेगाहर्ट्झला डी थराचा त्रास कमी, म्हणून दुपार-संध्याकाळी युरोपसाठी ती पट्टी चांगली. त्यावर ऋतूंचा फरक, त्यावर सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र. सध्याच्या चक्राचा भर २०२४ च्या आसपास आला. त्या वर्षी मे महिन्यात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता, त्याच सौर वादळात शॉर्टवेव्हच्या पट्ट्या सुन्न झाल्या होत्या. चक्र उताराला लागलं की २८ मेगाहर्ट्झ कित्येक महिने ओस पडते, आणि भरात असताना तिथेच पाच वॅटवर समुद्रापार गप्पा होतात. तरुणपणी सुरुवात केलेल्या हॅमला अशी चार-पाच चक्रं बघायला मिळतात. एकाच अँटेनावर, एकाच सेटवर, प्रत्येक वेळी आकाश निराळं.

गंमत म्हणजे या लहरी एके काळी टाकाऊ समजल्या जात. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशींना २०० मीटरहून आखूड लहरींवर ढकललं, कारण तिथून लांब काही जात नाही असं तज्ज्ञांचं मत होतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या लेआँ दलॉय यांनी शंभर मीटरच्या आसपास अमेरिकेतल्या हौशींशी दुतर्फा संपर्क साधला, अर्थातच मोर्समध्ये, आणि मतं बदलली. मार्कोनीची कंपनीही तेव्हा शॉर्टवेव्हवर काम करत होती. आपल्याकडे १९२७ मध्ये इंग्लंडशी शॉर्टवेव्ह ‘बीम’ दुवा सुरू झाला तो महाराष्ट्रातून: पाठवायचं केंद्र खडकीला, ऐकायचं दौंडला. आज दौंडला गाडी बदलताना याची आठवण कुणाला होत नाही. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुपचूप चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता. हिशेब केला तर हे ७.०८ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे आज भारतात हौशींना दिलेल्या ७.० ते ७.२ च्या पट्टीच्या मधोमध. तो मोर्समध्ये नव्हता, आवाजात होता. पण महायुद्ध सुरू झाल्यावर हौशींचे ट्रान्समीटर सरकारने जमा करून घेतले होते, आणि तरीही मुंबईत ट्रान्समीटर बांधू शकणारी माणसं होती.

आता ताकदीचा हिशेब. माइकवरचा आवाज साधारण अडीच हजार हर्ट्झ जागा घेतो, मोर्सची शिट्टी शे-दीडशे. म्हणून मोर्स ऐकताना रिसीव्हरची खिडकी ५०० हर्ट्झपर्यंत आवळता येते. खिडकी पाचपट अरुंद, म्हणजे आत शिरणारी खरखरही पाचपट कमी. हे समोरच्याने ताकद पाचपट वाढवल्यासारखंच आहे, तेही फुकटात. शिवाय आपला कान एकाच सुराला धरून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करण्यात पटाईत. याच्या जोरावर क्यूआरपी नावाचा एक पंथच आहे: पाच वॅटच्या वर जायचं नाही अशी स्वखुशीची शपथ.

परवाना, तार आणि सोसायटी

परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. किमान वय १२. परीक्षेत रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम असतात. दहावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. दोन वर्ग आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही आणि त्याच्या कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतात. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवून आणि घेऊन दाखवावं लागतं, त्यांच्या कॉलसाइन व्हीयू२ च्या, आणि ताकदीची मर्यादाही जास्त. बरेच जण आधी रिस्ट्रिक्टेड काढतात. मोर्ससाठीच येत असाल तर थेट जनरलची तयारी करा, आठ शब्द हा वेग खरंच बेताचा आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा अर्जाआधी पोर्टलवर ताजे वाचून घ्या. आणि परवान्याआधी सेट विकत घेऊ नका, ते बेकायदा आहे.

अँटेनाचा खर्च किरकोळ. ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीचा डायपोल लागतो: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. ७.०३ साठी २०.३ मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर इलेक्ट्रिकची साधी तांब्याची तार, मधून खाली कोॲक्स केबल, टोकांना नायलॉनची दोरी. सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. मधला भाग उंच आणि टोकं उतरती ठेवली तर एकच बांबू पुरतो.

अडचण येते ती गच्चीची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘या तारेतून किरणं येतात का’ हा प्रश्न ठरलेला. रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या अणू फोडत नाहीत, आणि दहा वॅटच्या ट्रान्समीटरपासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांना काही होणार नाही, हे शांतपणे सांगावं लागतं. परवाना झेरॉक्स करून फायलीला लावला की निम्मा विरोध मावळतो. उलटा त्रास मात्र खरा असतो: सोसायटीचा आपल्याला. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लॅपटॉपचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांचा घोंगाट शॉर्टवेव्हवर इतका येतो की शहरातले हॅम रात्री उशिरा, शेजारी झोपल्यावर बसतात. दुसरी गोष्ट वळवाच्या पावसाची. मेमध्ये ढग जमू लागले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकायची. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास कडाडली तरी तारेत उसळणारा दाब सेट जाळायला पुरतो. त्या दिवसांत तसंही क्यूआरएन इतकं असतं की ऐकण्यात अर्थ नसतो.

सेट जुना घ्या, किंवा बांधा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स नावाचा आराखडा खुला केला. कॉइल गुंडाळायला महागडे कोअर मिळत नाहीत म्हणून त्यात नळाचे वॉशर वापरले होते. त्यावरून जगभर लोकांनी सेट बांधले. भारतातून निघून जगाच्या बाकांवर पोचलेला हा आराखडा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपत्तीत उपयोग किती?

छंदावरच्या प्रत्येक लेखात हे येतं, थोडं फुगवूनच येतं. पण घटना खऱ्या आहेत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ मध्ये भूजला हौशींनी संपर्काचं काम केलं. सगळ्यांत ठसठशीत उदाहरण अंदमानचं. हौशी रेडिओच्या यादीत अंदमान हा वेगळा ‘देश’ धरतात आणि कित्येक वर्षं तिथून कुणी आवाज दिला नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद परवानगी मिळवून पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या आणि जगभरच्या हॅमशी संपर्क करत होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि छंदासाठी मांडलेला तोच सेट माणसं सुखरूप असल्याचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागला. त्यातलं बरंच काम आवाजात झालं, मोर्समध्ये नाही. मोर्स येतो म्हणून तुम्ही जीव वाचवाल असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याला रोज सेट लावायची सवय आहे त्याचा सेट गरजेच्या दिवशी चालू असतो, इतकं नक्की.

व्यवहारातून मोर्स कधीच गेला. जहाजांनी १ फेब्रुवारी १९९९ ला सोडला. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तिच्यातून तर तो आधीच गेलेला होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर हौशी परवान्यासाठीही तो बऱ्याच देशांनी ऐच्छिक केला. तेव्हा अनेक जुन्या हॅमना वाटलं, संपलं. पण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जागतिक मोर्स स्पर्धेच्या वेळी १४ मेगाहर्ट्झ ऐका, शिट्टी ठेवायला जागा नसते. परीक्षेपुरता शिकणारे गेले आणि आवडीने शिकणारे उरले. वयाचीही अडचण येत नाही. ज्यांना उंच आवाज ऐकू येईनासे होतात ते शिट्टीचा सूर सहाशेवरून चारशे हर्ट्झवर आणतात. हात थरथरायला लागला तर साध्या कीवरून पॅडलवर जातात. दृष्टी नसलेले हॅम तर यात कुणाच्या मागे नाहीत, काही सेट स्वतःची फ्रिक्वेन्सीही मोर्समध्ये सांगतात.

परवाना येईपर्यंत थांबायची गरज नाही. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही चालवता येतो. सीडब्ल्यू (म्हणजे मोर्स) निवडा, ७.०२० च्या आसपास सुई न्या आणि फक्त के शोधा, डा-डि-डा. बहुतेक हाकांच्या शेवटी तो असतो, आणि कोखच्या रीतीत तुम्ही तोच आधी शिकलेला असता.

पहिली गप्पा मारायच्या दिवशी सगळं कागदावर लिहून समोर ठेवा: आपली कॉलसाइन, नाव, गाव, समोरच्याला द्यायच्या गुणांसाठी मोकळी जागा, ७३. ओळखीचं वाक्यसुद्धा त्या वेळी बोटांतून पळून जातं. वेग बाराचा ठेवा. ज्या वेगाने हाक आली त्याच वेगाने उत्तर द्यायचं ही रीत आहे, पस्तीसच्या वेगाने बोलणारा माणूसही तुमच्यासाठी बारावर येतो. मध्येच काही निसटलं तर प्रश्नचिन्ह पाठवा, डि-डि-डा-डा-डि-डिट, आणि तो तेवढा भाग पुन्हा देईल. नाव मात्र आखूड निवडा. ‘पुरुषोत्तम’ पाठवता पाठवता पट्टी बंद होते, ‘पुरू’ पुरतं.